मागच्या दारात मुका होणारा फोन

"हालो! हालो! साहेब, जोरानं बोला! आयकू येऊन नाई राह्यलं! हालो!"

बाई ओरडत होती. माझ्यावर नाही, हातातल्या फोनवर. मी अजून मोटारसायकल उभीही केली नव्हती. तिचा आवाज मला फाट्यावरच लागला होता आणि फाटा तिथून कोसभर लांब. यात काडीची अतिशयोक्ती नाही. असलीच तर ती त्या कोसात असेल.

मी कपडे विकतो. घर अहेरीला आणि धंदा आठवडी बाजारांचा. लुगडी, लुंग्या, टॉवेल, पोरांच्या चड्ड्या. माझं भांडवल गाठोड्यात नाही, गळ्यात आहे. मी अहेरीच्या बाजारात "घ्या हो" म्हटलं की सिरोंच्याकडचा माणूस घरी बसल्या बसल्या खिसा चाचपतो. मार्कंड्याच्या जत्रेत एकदा मी टॉवेल पुकारले, तर वैनगंगेपल्याडची माणसं होडीची वाट न बघता पाण्यातच उतरली. ओली होऊन आली, म्हणून टॉवेल खपलेही.

बाई ही माझी मानलेली बहीण. जंगलाला लागून एक टोला आहे, मोजकी घरं, त्यातलं शेवटचं तिचं. माझे अब्बा सायकलवर कापड घेऊन फिरायचे तेव्हापासून दुपारची भाकर त्या घरच्या मांडवाखाली ठरलेली. आमचा नमाज वेगळा, त्यांचे पेन म्हणजे देव वेगळे, पण पाण्याची घागर एकच. तिच्या नवऱ्याला मी दादा म्हणतो. ती त्याला बुढा म्हणते, आणि त्याच्या डोक्यात एकही पांढरा केस नाही.

त्या सकाळी मी घराला वळसा घालून मागच्या दाराकडं निघालो. वाटेत शेताच्या अंगानं कुण्या बाप्याचा जाड आवाज आला, "पाहुणा... पाहुणा..." विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. मला बरं वाटलं. म्हटलं, बांधावरून कोणी तरी मला ओळखलं आणि वर्दी देऊन राह्यलं. मी कॉलर सरळ केली, केसांवर हात फिरवला. तेवढ्यात टोल्यावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली आणि पुढचं काही कळलं नाही.

मागच्या दारात बाई उभी होती. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. तिनं मला बघितलं आणि "ये भाऊ" म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी दारातच थांबलो.

"कट झाला," ती म्हणाली. "गार्ड साहेबाचा होता. घंटी खनखन वाजते. उचलला का मुका."

"मंग तू लाव."

"लावलं ना! तो उचलते. मले दिसते का त्यानं उचललं, खालचे आकडे पळतेत. पन आवाज नाई. ना त्याचा मले, ना माजा त्याले."

"एवढी घाबरून काऊन राह्यली? करन तो दुपारी पुन्ना."

बाईनं माझ्याकडं बघितलं. शहरातल्या माणसाकडं बघतात तसं.

"दुपारवर बुढा राह्यला पायजे ना, भाऊ. पाहुणा फिरून राह्यला इकडं."

"मी? मी तं आत्ता येऊन राह्यलो."

"तू नाई. तो." तिनं हनुवटी जंगलाकडं केली.

त्या टोल्यावर, दारातून झाडी दिसत असेल तर त्या पट्टेवाल्याचं नाव घेत नाहीत. कोणी मोठा म्हणतं, कोणी मामा. वनखात्याचा गार्ड त्यांच्यातच राहून राहून तेच बोलायला शिकला होता, तो फोनवर पाहुणा म्हणायचा. मोहफुलांचे दिवस. अख्खा टोला टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेला, आणि वाकलेला माणूस त्या पाहुण्याला माणूस वाटत नाही. म्हणून गार्ड रोज सकाळी फोन करून सांगायचा, आज पाहुणा कोणत्या अंगाला आहे. टोल्यावर फोन पुष्कळ, पण नेटवर्क एकाच जागी: बाईच्या मागच्या दाराच्या डाव्या चौकटीवर, एक कांडी. तिथं खिळ्याला प्लास्टिकच्या पन्नीत घालून तिचा फोन लटकलेला असायचा, घरातल्या देवासारखा. बाई फोन घ्यायची, मग गळा फाडून टोल्याला सांगायची, आणि मग माणसं बाहेर पडायची.

"बाकीचे सारे घरीच हायत," बाई म्हणाली. "म्या सांगतल्याबिगर कोनी निंगत नाई. पन बुढा फटफटायच्या आंदीच गेला. डुकरं सारा मोह खाऊन टाकतेत मने."

"कोनीकडं गेला?"

"पुसत असतेत का?"

बरोबर होतं. जंगलात निघालेल्या माणसाला कुठी चालला म्हणून विचारू नये. विचारलं तर काम फसतं, नाही तर माणूस फसतो. आमच्याकडंही अब्बा गाठोडं उचलायचे तेव्हा अम्मी तोंडात बोट धरून उभी राहायची. आणि यांच्या मोहाच्या जागा दोन. एक उजव्या हाताला बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर, एक डाव्या हाताला नाल्यापल्याड. पाहुणा यांतल्या एका बाजूला होता. दादाही यांतल्याच एका बाजूला होता. दोघांची बाजू एकच आहे का, एवढंच कळायचं होतं, आणि त्यातलं अर्धं त्या मुक्या डबीत होतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. 

"बाई, आत्ता मागं कोनीतरी ओरडलं. पाहुणा, पाहुणा मनून."

तिनं माझा दंडच धरला. "कोन? फुडं काय मनलं?"

"फुडं... कुत्रे भुकले."

कुत्री भुंकली होती हे खरं होतं. कॉलरचा विषय मी काढला नाही. तो माझा खाजगी होता.

"दे तो फोन इकडं," मी म्हणालो.

फोनच्या बाबतीत आमच्या अहेरीत मला डॉक्टर समजतात. मीच समजतो, पण समजतात म्हणायला एक माणूस पुरतो. पावसात भिजलेला फोन मी तांदळात पुरून जिवंत केला आहे आणि त्या तांदळाची बिर्याणीही केली आहे. माझा स्वतःचा फोन त्या टोल्यावर नुसता बॅटरी म्हणून चालतो, दुसऱ्या कंपनीचा आहे. नाही तर मी तिथल्या तिथं गार्डाला लावला असता.

मी पन्नी सोडली. ऐकायच्या फटीत बघितलं. मोहाच्या चिकानं ती फट लिंपून गेली होती. बाईनं फुलं निवडता निवडता फोन घेतलेला.

"हे पाय! याच्या कानात मळ साचला. कसा आयकू येईन?"

झाडूची काडी घेतली, थुंकी लावली आणि ती फट कोरली. इतका चिक निघाला की एका माणसाला झिंग यावी. मग बाजूचं बटण बघितलं. मग वरून पडदा ओढून चंद्राची खूण लागली आहे का ते बघितलं, कारण ती लागली की फोन मौन धरतो. नव्हती. सगळं जागच्या जागी. फोन ठणठणीत, आणि मुका.

मागून, शेतातून, आवाज येत होता: "ए हो! चल नीघ! हुर्र! घरी जा! पळ! पळ!"

हा आवाज माझा होता.

हे सांगायला पाहिजे. बाईच्या मागच्या कुंपणाला लागून शेत आणि बांधावर, हातानं दगड फेकला तर लागेल एवढ्यावर, मचाण. मागच्या साली डुकरांनी शेत उकरून ठेवलं होतं. बाई रात्र रात्र ओरडायची, पण तिच्या आवाजाला डुकरं सरावली. जेवायला बोलावते असं समजून येत. मग दादानं बॅटरीवरचा भोंगा आणला. त्यात आवाज भरायचा असतो. दादानं कोणाचा भरावा? मला मचाणावर चढवलं आणि म्हणाला, ओरड. मी ओरडलो. पहिल्या रात्री डुकरांनी तालुका सोडला. दुसऱ्या रात्री म्हणे जिल्हा. तेव्हापासून मी त्या शेतात रात्रभर हजर असतो आणि बायकोला अहेरीत पटवून द्यावं लागतं की मी घरीच झोपलो होतो.

"आज दिवस निंगाला तरी चालूच ठेवला का मले?" मी विचारलं.

"रोज बंद करून जाते. आज डुकरं झाडाखालीच होते, मनून चालू ठेवून गेला." बाईचं लक्ष फोनवर होतं. "तुझं सोड. याचं पाय."

भोंग्याचं तोंड जंगलाकडं, आमच्याकडं त्याची पाठ. त्यामुळं मला माझाच आवाज पाठमोरा ऐकू येत होता. विचित्र वाटतं. आपल्याच मयतीला मागून चालावं तसं.

"इथी अंधार हाय, उजेडात पायतो," म्हणून मी फोन घेऊन समोरच्या मांडवात आलो. सेटिंग उघडलं. घंटीचा नमुना वाजवून बघितला. वाजला! गाणं लावलं. असं वाजलं की मांडवावरचा कावळा उडाला. मी तिथूनच बोंब मारली, "बाई, झाला! दुरुस्त झाला! डॉक्टर कोन हाय मंग!"

पळत मागं आलो, खिळ्यापाशी धरला, गार्डाला लावला. मुका.

पुन्हा समोर. बोलका. पुन्हा मागं. मुका.

असं मी त्या घराच्या आरपार इतक्या वेळा धावलो की मधल्या खोलीत पायवाट पडली. समोर नेटवर्क नाही, मागं आवाज नाही. बाई दारात उभी राहून बघत होती. शेवटी अगदी हळू बोलली.

"घाबरून राह्यला तो, भाऊ."

"कोन?"

"फोन. जंगलाकडं तोंड केलं का त्याची दातखीळ बसते. मानसाची बसते तं त्याची नाई बसाव?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो. त्या सकाळी माझ्याजवळ यापेक्षा चांगलं उत्तर नव्हतं.

"बंद करून चालू करतो," मी म्हणालो. डॉक्टराचा हा शेवटचा उपाय. रोगी मरतो आणि उठून बसतो. बटण दाबून धरलं. काच काळी झाली. आणि तेव्हा मला कळलं की मी काय केलं. त्या काळ्या काचेपल्याड गार्ड आत्ताच फोन लावत असेल तर? एका कांडीचं नेटवर्क गेलं, परत आलंच नाही तर? बाईही तेच समजली असावी. तिनं माझ्याकडून फोन घेतला नाही, फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला. कंपनीचं नाव आलं, गेलं. पुन्हा आलं. गोल फिरत राहिलं. तेवढ्या वेळात माणसाचा निकाह होऊन पोरं शाळेत जावीत. मागं मी ओरडत होतो, "पळ! पळ!"

काच उजळली. एक कांडी आली. आणि लगेच घंटी.

गार्ड साहेब.

बाईनं झडप घातली. "हालो! साहेब! आमचा बुढा गेला जंगलात! हालो!"

फोन पुन्हा मुका. मी तिच्या कानाजवळ कान नेला. मुंगी बोलली असती तरी ऐकू आली असती. आकडे पळत होते. म्हणजे तो पलीकडं बोलत होता, आत्ता, या क्षणी सांगत होता, आणि आम्ही काचेवर त्याचं नाव बघत होतो. जिथं भोंग्याचं चित्र असतं तिथं तुटक्या पतंगासारखी एक खूण होती. म्हटलं कंपनीची असेल. मी बाजूचं बटण दाबलं. आवाजाची पट्टी अर्ध्यावरच होती. अंगठ्यानं ठेचत ठेचत ती पार माथ्यापर्यंत नेली. अंगठा दुखेपर्यंत दाबली.

"मेसेज टाका, साहेब!" मी फोनमध्ये तोंड घालून ओरडलो. "मेसेज! मेसेज!" ओरडणं पोचलं असतं तर मेसेजची गरजच काय होती, हे नंतर सुचलं.

आणि तेव्हाच बाहेर कहर झाला. कुत्री पिसाळल्यासारखी भुंकायला लागली, शेपट्या पायांत घालून घरांत घुसली. झाडीत वानरं खोकली. खाक्! खाक्! वानर असं कधी खोकतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. पाखरांचा एक थवा बोडीच्या बाजूनं उठला आणि आमच्या घरावरून गेला. मध्ये कुठं तरी काही तरी भों भों घुमत होतं. ते माझ्या छातीतलं असावं असं मी धरून चाललो.

फोन कट झाला.

"जवळ हाय," बाई म्हणाली.

ती आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. पदर कमरेला खोचला.

"कुठी—" मी म्हणालो आणि जीभ चावली.

पण तिनंच सांगितलं. "बोडीवर जातो."

"बोडीवरच काऊन?"

"काल सांजच्याला जेवतानी त्यानं बोडीकडं दोन डाव पायलं."

"अन् पाहुणा बोडीवरच असन तं?"

"मंग तं गेलंच पायजे."

 मी जन्मभर लोकांना नको असलेली लुंगी गळ्यात घालत आलो, पण त्या बाईला दोन पावलं मागं सारतील असे दोन शब्द माझ्यापाशी नव्हते. मी दारातच आडवा झालो. पाठीवर गाठोडं तसंच होतं, त्यामुळं दार पुरतं भरलं.

"सरक."

"नाई."

"सरक भाऊ, नाई तं कपड्याचं काई खरं नाई."

"कापून टाक सारे. जाऊ नाई देत. साहेब पुन्ना लावन. एक डाव. एकच डाव थांब."

"त्यानं किती डाव लावाव? मुका तं मुका!" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तू तुझ्या पीराले सांग, मी माझ्या पेनाले सांगतो. पन वाट सोड."

मी वाट सोडणार होतो. लिहिताना वाटतं, सोडली नसती. पण सोडणार होतो, कुऱ्हाडीचं पातं माझ्या नाकासमोर होतं. तेवढ्यात घंटी वाजली.

बाईनं कुऱ्हाड टाकली नाही. एका हातात ती, दुसऱ्या हातानं फोन उचलला. कानाला लावला. तिचा चेहरा बघून कळलं. मुका.

पण या खेपेला मी फोन ऐकत नव्हतो. मी दारात, पाठ शेताकडं. आणि माझ्या पाठीला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. काही तरी जे सकाळपासून सतत होतं ते नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "मी गप्प काऊन झालो?"

"तू कुठी गप्प झाला? मघापासून तोंड चालूच हाय तुझं!"

"हा मी नाई. तो मी. मचानावरचा."

दोघंही ऐकायला लागलो. मचाणावरचा मी खरंच गप्प होतो. घंटी वाजली तेव्हा "चल नी—" एवढ्यावर तुटलो होतो. आणि माझ्या जागी तिथून दुसरंच कोणी तरी बोलत होतं. जाड, घुमणारं, विहिरीतलं.

"गाने," बाई एकदम म्हणाली. "गेल्या मईन्यात लग्नात फोनातले गाने लावले होते भोंग्यावर. तारेबिगर. बुढ्यानं जोडलं होतं."

भोंगा चालू असला की फोन ब्लूटूथनं आपोआप त्याला जाऊन मिळत होता; ती तुटक्या पतंगाची खूण त्याचीच. आजवर सकाळी भोंगा बंद असायचा, म्हणून फोन बोलायचा. आज तो चालू, म्हणून फोनचा आवाज घरात नव्हताच. तो मचाणावर जाऊन बसला होता, ऐकायचा कानही घेऊन, तोंड जंगलाकडं करून. समोरच्या मांडवात नेला की भोंगा लांब पडायचा, म्हणून तिथं बोलका. हे सगळं मला आत्ता लिहिताना एवढं स्वच्छ दिसतं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की आवाज मेला नाही, तिकडं आहे.

बाईनं फोन खिळ्याला अडकवला, झोळीत पोर ठेवावं तसा हळू. आणि कुऱ्हाड टाकून पळाली. मी मागं. कुंपण कसं ओलांडलं आठवत नाही. माझ्या पायजम्याला आठवतं, त्याचा एक पाय तिथंच राहिला. उघड्या शेतात आलो आणि डावीकडं बघावं की उजवीकडं हे कळेना. म्हणून मी वर बघत पळालो.

मचाणाखाली शब्द स्वच्छ झाले. माझ्या अंगठ्यानं माथ्यापर्यंत नेलेला आवाज तिथं अंगावर धोंड्यासारखा पडत होता.

"...पाहुणा बोडीच्या पाळीवर बसून हाय. बोडीकडं कोनी येऊ नका. बोडीवर कोनी असन तं नाल्याकडून घरी या. हॅलो? आयकून राह्यलं का कोनी? पाहुणा बोडीच्या—"

बाई शिडीवर चढली. भोंग्याचा डबा मचाणावर होता. कुठं बोलायचं तिला माहीत नव्हतं. तिनं त्या डब्याला दोन्ही हातांनी धरलं, पेनाला धरावं तसं.

"साहेब! मी बोलतो! बुढा मोहावर गेला!"

भोंगा थांबला. मग म्हणाला, "बाई? किती वेळचा बोंबलून राह्यलो मी! तुमच्याकडून नुसते कुत्रे आयकू येतेत! कोनत्या मोहावर?"

"मालूम नाई."

 मी खाली उभा होतो. मोहाचा वास इतका दाट होता की श्वास चिकटत होता. वानरं अजून खोकत होती, पण आता एकेकच.

"तुमी खाली नका उतरू," भोंगा हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू. "मी मानसं घेऊन येतो. हलू नका."

आणि फोन कट झाला. त्याच क्षणी माझ्या डोक्यावर बॉम्ब फुटला: "—घ! हुर्र! घरी जा! पळ! पळ!" मी. पूर्ण आवाजात. जंगलाच्या पार पोटात माझी हाक गेली. मी बाईकडं बघितलं, बंद करू का म्हणून. तिनं मान हलवली. नको. घरी जा मनूनच राह्यला ना, मनू दे.

मी शिडीवरून वर गेलो. दोघं मचाणावर बसलो. तिची नजर बोडीकडं. पाळीवरच्या झाडांचे शेंडे दिसत होते, खाली काही नाही. ती एकदाही रडली नाही. तिच्या पदराला मोहाची चार फुलं चिकटली होती, ती एकेक काढून हातात धरत होती.  माझ्याऐवजी भोंगा बोलत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं बोलणं फार वाटलं.

किती वेळ गेला ते मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि या वेळी बरोबरच कराल.

मग बाईची मान वळली. डावीकडं. नाल्याकडं.

नाल्याच्या उतारावरून आधी टोपली वर आली, मग टोपलीखालचं डोकं, मग दादा. चालत होता. बाजारातून येतात तसा. अर्धी टोपली मोह. मी शिडीवरून उतरलो की पडलो ते बघायला कोणी मोकळं नव्हतं. बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं मिठी मारेल. तिनं त्याच्या डोक्यावरची टोपली काढून घेतली, खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर एक असा बुक्का मारला की तो अर्धा फिरला.

"कुठी होता?"

"बोडीवर."

"मंग इकडून कसा आला?"

"साहेबानं सांगतलं ना, नाल्याकडून या मनून."

बाई मटकन बांधावर बसली. पण मला आता कोण आवरणार? सगळं माझ्या लक्षात आलं होतं. मी पुढं झालो, एक पाय उघडा, छाती फुगवून.

"दादा! पट्टी अर्ध्यावर होती, अर्ध्यावर! हे पाय, या अंगठ्यानं वर नेली! पार माथ्यावर! तवा तुले बोडीवर आयकू गेलं. नाई तं साहेबाचा आवाज कुंपनापल्याड गेला नसता. फोन घरात मुका ठेवून जंगलात बोलता करनारा डॉक्टर सगळ्या जिल्ह्यात एकच हाय!"

दादानं गमछ्यानं मान पुसली. मचाणाकडं बघितलं, तिथं मी अजून ओरडतच होतो. मग माझ्याकडं बघितलं.

"आवाज तं साहेबाचा पयल्या डावापासूनच येऊन राह्यला होता," तो म्हणाला. "तू मदी मदी गप्प बसला, मनून समजलं."